हिप्पो गेलं, ऑगस्टीन राहिला

पैलतीर

व्हँडल या जर्मानिक टोळीच्या फौजांनी उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो या बंदराला वेढा घातला, त्याच्या तिसऱ्या महिन्यात तिथला बिशप ऑगस्टीन तापाने अंथरुणाला खिळला. वय ७५. त्याने पश्चात्तापाची स्तोत्रं पानांवर लिहून घेतली, पलंगासमोरच्या भिंतीवर लावायला सांगितली आणि पडल्या पडल्या ती वाचत रडत राहिला. शेवटचे सुमारे दहा दिवस वैद्य आणि जेवण आणणारा माणूस सोडून कुणालाही आत पाठवू नका, अशी त्याची ताकीद होती. २८ ऑगस्ट ४३० रोजी तो गेला. मृत्युपत्र केलं नाही, कारण मागे ठेवण्यासारखं स्वतःचं काही नव्हतंच. एवढंच सांगून ठेवलं की चर्चचं ग्रंथालय आणि त्यातल्या पोथ्या पुढच्यांसाठी नीट जपा.

हे सगळं आपल्याला कळतं ते पोसिडियसमुळे. तो शेजारच्या कालामाचा बिशप, ऑगस्टीनचा जवळपास चाळीस वर्षांचा सोबती. वेढ्यात तोही हिप्पोतच अडकला होता.

पुढे हिप्पो ओस पडलं, शत्रूने जाळलं. शंभर वर्षांनी बायझंटाईन आले, त्यानंतर सातव्या शतकात अरब. ज्या उत्तर आफ्रिकेत त्याच्या काळी शेकड्यांनी बिशप होते, तिथलं लॅटिन ख्रिस्ती जग हळूहळू नाहीसं झालं. आज अल्जीरियातल्या अन्नाबा शहराच्या कडेला हिप्पोचे अवशेष आहेत आणि वरच्या टेकडीवर १८८१ ते १९०० या काळात बांधलेली ऑगस्टीनच्या नावाची बॅसिलिका. मधल्या काळात त्याच्या गादीवर, त्याच्या गावात त्याचं नाव चालवणारी परंपराच राहिली नाही. तरीही बायबलमधल्या प्रेषित पौलानंतर पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर इतका खोल ठसा उमटवणारा दुसरा माणूस दाखवणं अवघड आहे. हे कसं झालं, याबद्दल मला लिहायचंय.

पहिलं कारण अगदी व्यवहारी आहे. या माणसाचं बोलणं लिहून घेतलं जात होतं. तो प्रवचनाला उभा राहिला की लघुलेखक तिथल्या तिथे टिपून घेत. ग्रंथ तो सांगायचा, लेखनिक लिहायचे. म्हणून त्याची पाचशेहून अधिक प्रवचनं आज वाचता येतात. त्यात मधेच लोक टाळ्या वाजवतात, कुरकुरतात, उकाड्याने हैराण होतात आणि तो त्यांना म्हणतो, थोडं थांबा, संपवतोच आता. पाचव्या शतकातल्या एका बंदरातल्या गर्दीचा आवाज त्या पानांतून ऐकू येतो, आणि त्यासाठी मी त्या अनाम लघुलेखकांचा फार ऋणी आहे.

दुसरं म्हणजे पत्रं. त्याला आलेली आणि त्याने लिहिलेली मिळून सुमारे तीनशे उरली आहेत. त्या काळची टपाल म्हणजे जाणाऱ्या माणसाच्या हाती कागद देणं. बेथलेहेमला बसलेल्या जेरोम या बायबल-पंडिताला त्याने लिहिलेलं एक टीकेचं पत्र जेरोमला मिळण्याआधीच इटलीत लोक उतरवून घेऊन वाचत होते. जेरोम संतापला आणि ते प्रकरण निस्तरायला काही वर्षं गेली. पण यातून एक गोष्ट उघड होते: त्याच्या लिखाणाच्या प्रती त्याच्या हयातीतच समुद्रापलीकडे पोचल्या होत्या. हिप्पो जळालं तेव्हा तो एकट्या हिप्पोत नव्हता.

तिसरं, म्हातारपणी त्याने स्वतःच्या सगळ्या ग्रंथांची झाडाझडती घेतली. ४२६-२७ च्या सुमारास ९३ ग्रंथ पुन्हा तपासले, कुठे चुकलो, आज काय वेगळं म्हणेन, ते ग्रंथवार नोंदवलं. मग पोसिडियसने चरित्र लिहिलं आणि सोबत त्याच्या पुस्तकांची, पत्रांची, प्रवचनांची यादी जोडली. पुढच्या प्रत करणाऱ्यांना काय शोधायचं ते कळलं. ‘तुझं सगळं वाचलं असं म्हणणारा खोटं बोलतो,’ असं सातव्या शतकातल्या सेव्हिलच्या इसिदोरने त्याच्याबद्दल लिहून ठेवलंय.

पण एवढ्याने माणूस ग्रंथालयात टिकतो. लोकांच्या उशाशी टिकायला आणखी काही लागतं, आणि ते त्याच्या ‘कबुलीजबाब’ या आत्मकथनात आहे. ३९७ ते ४०१ च्या दरम्यान लिहिलेली ती तेरा प्रकरणं. लिहिताना तो बिशप होऊन जेमतेम काही वर्षं झालेली. त्याचे विरोधक त्याच्या जुन्या मानिकी पंथावरून (प्रकाश आणि अंधार अशा दोन शक्ती मानणारा, चर्चने पाखंडी ठरवलेला पंथ) त्याला धारेवर धरत होते. अशा वेळी मोठ्या पदावरचा माणूस आपलं पूर्वायुष्य झाकतो. याने ते देवाला उद्देशून, सगळ्यांच्या देखत मांडलं.

त्यातला नासपतींचा प्रसंग बघा. सोळा वर्षांचा पोरगा. घरच्या द्राक्षमळ्याजवळ कुणाचं तरी नासपतीचं झाड. फळं दिसायला बरी नाहीत, चवीला बरी नाहीत. घरात याहून चांगली आहेत. तरी मध्यरात्री टोळक्याने जाऊन झाड झोडपलं, फळं ओंजळी भरभरून आणली आणि बहुतेक डुकरांपुढे टाकली. तो पुढे पानंच्या पानं विचारतो, का केलं मी हे? भूक नव्हती, हाव नव्हती. मग काय होतं? आणि उत्तराकडे सरकत सरकत म्हणतो, एकटा असतो तर केलं नसतं. जमावात आपण जे वागतो त्याबद्दल इतक्या लवकर इतकं नेमकं कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्याची कीर्ती पदाने टिकवली नाही, शहराने नाही, राजाश्रयाने तर नाहीच. आपल्या आत डोकावताना जे दिसलं ते न सजवता लिहिण्याने ती टिकली, आणि ते जपणारे मित्र मिळाले म्हणून. तुमची मतं वाचायला आवडतील, विरोधीसुद्धा.

---

सुरूचं_बन

खूप छान लिहिलंत. आमच्या वसईत २७ ऑगस्टला संत मोनिकाचा सण आणि दुसऱ्या दिवशी संत ऑगस्टीनचा, असे आई आणि मुलगा पाठोपाठ येतात. खरं सांगायचं तर आमच्या बायकांना मुलापेक्षा आईच जवळची वाटते. मुलगा दारूला लागला, घर सोडून गेला, की पहिली मिस्सा संत मोनिकाच्या नावाने. माझी आजी ‘कबुलीजबाब’ वाचू शकत नव्हती, पण त्यातली बिशपची गोष्ट तिला तोंडपाठ होती. मोनिका एका बिशपकडे जाऊन रडते, माझ्या मुलाला समजवा म्हणते. तो नाही म्हणतो, ती हटत नाही. शेवटी तो वैतागून म्हणतो, जा बाई, इतक्या अश्रूंचा मुलगा वाया जाणं शक्य नाही.

ऑगस्टीन तत्त्ववेत्ते म्हणून मोठे असतीलच. पण आमच्यासारख्यांच्या घरात ते पोचले ते या आईचं बोट धरून. तुमच्या कारणांत हे एक वाढवा.

पैलतीर

@सुरूचं_बन ताई, नक्की वाढवतो. आणि मोनिकाही आपल्याला ठाऊक आहे ती त्यानेच लिहिलं म्हणून. ऑस्टियाच्या बंदरात खिडकीशी उभे राहून दोघं बोलतात आणि काही दिवसांनी ती तिथेच जाते, ३८७ साली. आपल्या गावी पुरावं असं तिला आयुष्यभर वाटत होतं, पण शेवटी म्हणाली, हे शरीर कुठेही ठेवा, फक्त वेदीपाशी माझी आठवण काढा. नवव्या प्रकरणातलं ते पान मला नेहमी थांबवतं.

---

मेधा_लिहिते

आईचं नाव आलं. ऑगस्टीनने स्वतःच्या मुलाचंही नाव लिहिलंय, अदिओदातुस. पण त्या मुलाच्या आईचं नाव कुठे आहे? तपाहून अधिक काळ ती या माणसाबरोबर राहिली, कार्थेजहून रोम, रोमहून मिलान. मग दरबारी नोकरीला शोभेल असं लग्न ठरवायचं म्हणून तिला आफ्रिकेत परत पाठवलं, मुलगा याच्याकडे ठेवून. जिच्याशी लग्न ठरलं ती मुलगी लग्नाच्या कायदेशीर वयाला अजून दोन वर्षं कमी, म्हणजे साधारण दहाची. आणि ती मोठी होईपर्यंत दम निघेना म्हणून याने आणखी एक बाई ठेवली. इतका आत्मशोध करणाऱ्याला त्या पहिल्या स्त्रीचं नाव एकदाही लिहावंसं वाटलं नाही, याचा मला फार राग येतो.

चौकस

@मेधा_लिहिते पूर्ण सहमत. काही जण म्हणतात नाव न घेण्यात तिची आब राखणं होतं. मला पटत नाही. ज्या मित्राला त्याने मानिकी पंथाकडे ओढलं आणि जो तरुणपणीच वारला, त्याचंही नाव त्याने दिलेलं नाही, हे मात्र खरं.

पैलतीर

@मेधा_लिहिते तुमचा राग रास्त आहे आणि मी त्याला उत्तर देणार नाही. फक्त मजकूर पुढे ठेवतो. सहाव्या प्रकरणात तो लिहितो की तिला माझ्या अंगापासून तोडून नेलं, तिला बिलगलेलं काळीज फाटलं, जखमी झालं आणि रक्त सांडत राहिलं. आणि ती? दुसऱ्या पुरुषाशी संबंध ठेवणार नाही असा देवापाशी नवस करून ती गेली. त्यापुढे तो म्हणतो की मला तिच्याइतकंही जमलं नाही. तिच्याबद्दल आपल्याला जे कळतं ते एवढंच, आणि त्यात ती त्याच्याहून उंच दिसते. दुसरी बाई ठेवली, हेही आपल्याला कळतं ते त्यानेच लिहिल्यामुळे.

मुलाबद्दलही एक सांगतो. ‘गुरू’ नावाच्या संवादात अदिओदातुसच्या तोंडी जी वाक्यं आहेत ती खरोखर त्याचीच, सोळाव्या वर्षीची, असं बापाने आवर्जून नोंदवलंय. पोरगा त्यानंतर लवकरच वारला.

---

तटस्थ

धागा चांगला आहे, पण आरतीच्या सुरात चाललाय असं वाटतं. दोनातिस्तांचं काय? आफ्रिकेतल्या ख्रिस्ती लोकांचा, कॅथलिक चर्चपासून फुटलेला तो मोठा गट होता, काही भागांत तर बहुसंख्य. आधी ऑगस्टीन म्हणत होता की श्रद्धा जबरदस्तीने लादू नये. मग शाही फर्मानं निघाली, दंड, जप्ती, चर्च काढून घेणं सुरू झालं, आणि याने ते उचलून धरलं. ४०८ च्या सुमाराच्या विन्सेंतियसला लिहिलेल्या पत्रात तो साफ सांगतो की माझं मत बदललं, कारण माझ्याच गावचे लोक कायद्याच्या धाकाने आमच्यात आले आणि आता समाधानी आहेत. शुभवर्तमानातल्या मेजवानीच्या दाखल्यातलं ‘त्यांना आत यायला भाग पाडा’ हे वाक्य त्याने याला जोडलं. पुढची हजार-बाराशे वर्षं पाखंड्यांना छळणाऱ्यांनी तेच वाक्य वापरलं. कीर्ती टिकते तेव्हा असलं ओझंही टिकतं.

पैलतीर

@तटस्थ यातला शब्दन् शब्द बरोबर आहे. ४११ साली कार्थेजला दोन्ही बाजूंचे मिळून पाचशेहून अधिक बिशप समोरासमोर बसले. मार्सेलिनस हा शाही अधिकारी न्यायाधीश होता, निकाल दोनातिस्तांविरुद्ध लागला आणि मग कायद्याचा फास आवळला गेला. ऑगस्टीन त्यातला मुख्य वक्ता होता. त्याची या प्रकरणातली भूमिका मला चुकीची वाटते, तेव्हाच्या मापानेही, कारण तिच्याविरुद्धचा युक्तिवाद त्याला स्वतःलाच आधी सुचलेला होता.

दुसरी बाजू म्हणून नव्हे, पण चित्र पुरं व्हावं म्हणून सांगतो. काही दोनातिस्तांनी कॅथलिक धर्मगुरूचा खून केल्याचं कबूल केलं, तेव्हा त्याने त्याच मार्सेलिनसला पत्र लिहून विनवलं की यांना देहदंड देऊ नका, यांचे अवयव तोडू नका. खून झालेला माणूस त्याच्या स्वतःच्या माणसांतला होता. ही विनवणी मागे पडली आणि मेजवानीचं वाक्य पुढे गेलं, हे इतिहासाचं दुर्दैव आहे.

तटस्थ

हे पत्र ठाऊक नव्हतं. वाचतो.

---

फ्लोरिडाकर

इथे फ्लोरिडात सेंट ऑगस्टीन नावाचं गाव आहे. आजच्या अमेरिकेच्या मुख्य भूमीवर युरोपीयांनी वसवलेलं आणि अखंड नांदतं राहिलेलं सर्वांत जुनं गाव. स्पॅनिश आरमाराला किनारा दिसला तो दिवस २८ ऑगस्ट १५६५, म्हणून हे नाव. हा तोच ना? इंग्लंडला ख्रिस्ती करणारा ऑगस्टीनही एक होता म्हणतात.

चौकस

गाव याच्याच नावाचं. इंग्लंडवाला कँटरबरीचा पहिला आर्चबिशप, जवळजवळ दोनशे वर्षांनंतरचा, वेगळा माणूस.

---

मांडवी_काठ

आमच्या गोंयात याचं नाव दगडात आहे, ते कुणी लिहिलंच नाही म्हणून लिहितो.

जुन्या गोव्यात मोन्त सांतो टेकडीवर जांभ्या दगडाचा उंच एकटा मनोरा दिसतो ना, तो ऑगस्टीनच्या नावाच्या संघातल्या, म्हणजे ऑगस्टीनियन पाद्रींच्या इगर्जेचा (चर्चचा). हे पाद्री १५७२ साली गोव्यात आले. ही त्यांची मोठी इगर्ज १६०२ मध्ये पुरी झाली. तिला चार मनोरे होते. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने सगळ्या धार्मिक संघांना हाकललं, इमारत ओस पडली, १८४२ मध्ये छताची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा हिस्सा पडला. उरलेला मनोरा सुमारे ४६ मीटरचा. तिथली घंटा आधी आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ पासून पणजीच्या पायऱ्यांच्या इगर्जेत आहे. पणजीत ती घंटा ऐकणाऱ्या किती जणांना ती ऑगस्टीनच्या इगर्जेची हे माहीत असेल!

आणि समोरच सांता मोनिकाचा मठ, जोगिणींचा. म्हणजे आमच्याकडेही आई आणि मुलगा समोरासमोर.

आणखी एक गोष्ट. जॉर्जियाची राणी केतेवान, इराणच्या शाह अब्बासच्या हुकमाने १६२४ मध्ये शिराजला छळ करून मारलेली. तिचे काही अवशेष ऑगस्टीनियन पाद्रींनी गोव्याला आणून मनोऱ्याच्या इगर्जेला लागलेल्या त्यांच्या मठात ठेवले होते. इमारत ढासळली, जागा विसरली गेली. भारतीय पुरातत्त्व खात्याने ढिगारा उपसून हाड शोधलं, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाली आणि २०२१ मध्ये ते जॉर्जियाला दिलं. अल्जीरियातल्या बिशपच्या नावाचा संघ, पर्शियात मेलेली जॉर्जियन राणी, गोव्याची माती. ही केवढी साखळी आहे!

सुरूचं_बन

@मांडवी_काठ अप्रतिम माहिती. आता गोव्याला गेलो की मनोरा आणि मठ दोन्ही नीट बघणार.

पैलतीर

@मांडवी_काठ ही भर फार मोलाची. त्याच्या नावाने चालणाऱ्या मठांची गोष्ट वेगळ्या धाग्याची आहे खरी. मार्टिन लुथर एरफुर्टच्या ऑगस्टीनियन मठातला. वाटाण्याच्या रोपांवर आनुवंशिकतेचे प्रयोग करणारा ग्रेगोर मेंडेल ब्रनोच्या ऑगस्टीनियन मठातला. आणि ८ मे २०२५ ला निवडून आलेले पोप लिओ चौदावे याच संघाचे. सज्जात आल्यावर त्यांनी पहिल्याच भाषणात ‘मी संत ऑगस्टीनचा पुत्र’ असं सांगून त्याचं वाक्य म्हटलं: तुमच्याबरोबर मी ख्रिस्ती आहे, तुमच्यासाठी बिशप आहे.

---

चौकस

पोसिडियसच्या चरित्रातलं मला सर्वांत आवडणारं पान: ऑगस्टीनच्या घरी चमचे तेवढे चांदीचे, बाकी भांडी मातीची, लाकडाची नाहीतर संगमरवराची. जेवणाच्या मेजावर एक श्लोक लिहिलेला होता. मतितार्थ असा की जो गैरहजर माणसाचं उणंदुणं काढील त्याला या मेजावर जागा नाही. एकदा त्याचे जवळचे काही बिशपच जेवताना निंदेला लागले. हा म्हणाला, एक तर हा श्लोक पुसा, नाहीतर मी उठून माझ्या खोलीत जातो.

शिवाय कैद्यांना सोडवायला पैसे कमी पडले तेव्हा त्याने चर्चची पवित्र भांडी वितळवायला लावली.

मेधा_लिहिते

हे माझ्यासाठी नवीन. कैदी म्हणजे कोणते?

पैलतीर

@मेधा_लिहिते युद्धात, धाडीत धरले गेलेले. याला जोडून एक पत्र सांगतो. हे पत्र १९८१ पर्यंत जगाला माहीतच नव्हतं. योहानेस दिव्याक या अभ्यासकाला फ्रान्समधल्या हस्तलिखितांत ऑगस्टीनची अज्ञात पत्रं सापडली, त्यातलं हे, आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांतलं. त्याचा बालमित्र अलिपियस तेव्हा इटलीत होता, त्याला लिहिलेलं.

गुलामांचे व्यापारी आफ्रिकेतून माणसं पळवत होते. रात्री दूरच्या खेड्यांवर टोळ्या तुटून पडायच्या, प्रतिकार करणाऱ्या पुरुषांना मारायच्या, बायका-मुलांना हिप्पोच्या बंदरात आणून जहाजात भरायच्या. ऑगस्टीन गावात नव्हता तेव्हा चर्चच्या लोकांनी जहाजावरून आणि दडवून ठेवलेल्या जागेतून सुमारे १२० जणांना सोडवलं. त्यात आईबापांनीच विकलेले जेमतेम पाच-सहा निघाले. एका मुलीला त्याने स्वतः विचारलं, कशी सापडलीस? ती म्हणाली, घरातून उचललं, आईवडील आणि भाऊ घरातच होते. व्यापाऱ्यांचे पाठीराखे वजनदार होते, ते माल परत मागत होते. हा म्हातारा बिशप मित्राला विनवतो, बादशहाकडून कडक कायदा मिळव. आणि त्याच पत्रात त्याची दुसरी काळजी: जुन्या कायद्यात शिशाच्या गोळ्यांच्या चाबकाची शिक्षा आहे, तिने माणूस मरतो, म्हणून तो कायदा लावायला आम्ही बिचकतो.

त्याच्या काळातही गुलामगिरी सर्रास होती आणि त्याने ती मुळातून नाकारली नाही, हे तटस्थ लिहितीलच, त्याआधी मीच लिहितो. पण त्या मुलीला समोर बसवून विचारणारा माणूस मला त्याच्या कुठल्याही सिद्धांताइतकाच महत्त्वाचा वाटतो.

तटस्थ

लिहिणारच होतो :) पण पत्र जबरदस्त आहे. आणखी असं काही सापडतंय का?

चौकस

सापडतंय. १९९० मध्ये फ्रांस्वा दोल्बो यांना जर्मनीतल्या माइन्झच्या ग्रंथालयात २६ प्रवचनांचा संग्रह मिळाला, काही पूर्णपणे नवी, काही आधी अर्धवटच माहीत असलेली. २००८ मध्ये एरफुर्टच्या ग्रंथालयातल्या आठशे वर्षांहून जुन्या हस्तलिखितातली सहा जाहीर झाली.

---

फ्लोरिडाकर

नवख्याने कुठून सुरुवात करावी? त्याचा ‘देवाचं नगर’ हा ग्रंथ घेऊन बसलो होतो, तिसऱ्या प्रकरणात धाप लागली.

पैलतीर

@फ्लोरिडाकर ‘देवाचं नगर’ पहिल्यांदा नकोच. बावीस प्रकरणं आहेत, ४१० मध्ये रोम लुटलं गेल्यावर लिहायला घेतली आणि संपवायला १३-१४ वर्षं लागली. त्यातलं चौथ्या प्रकरणातलं एक पान मात्र आजच वाचा. न्याय काढून घेतला तर राज्यं म्हणजे मोठ्या दरोडेखोर टोळ्याच की, असं तो म्हणतो आणि सिकंदरापुढे उभ्या केलेल्या चाच्याची गोष्ट सांगतो. चाचा म्हणतो, मी एका होडीने करतो म्हणून चाचा, तू आरमाराने करतोस म्हणून सम्राट.

‘कबुलीजबाबा’ची पहिली नऊ प्रकरणं सलग वाचा. दहाव्यात स्मृतीबद्दल आहे, अकराव्यात काळाबद्दल. काळ म्हणजे काय हे कुणी विचारलं नाही तर मला ठाऊक असतं, सांगायला गेलो तर नसतं, हे तिथलंच. शेवटची दोन राहिली तरी चालतील.

मग प्रवचनं. योहानाच्या पहिल्या पत्रावरची दहा आहेत, छोटी आणि सोपी. ‘प्रेम कर, मग हवं ते कर’ हे जगभर शुभेच्छापत्रांवर छापलं जाणारं वाक्य सातव्या प्रवचनात येतं. ते वाक्य एकटं वाचू नका, आजूबाजूचा परिच्छेद वाचा. तिथे तो सांगतोय की बाप मुलाला मारतो आणि मुलं पळवणारा त्याला कुरवाळतो, तेव्हा वरवर कृती पाहून प्रेम ओळखता येत नाही. @तटस्थ, तुम्ही ज्या मतबदलाबद्दल लिहिलंत, तो त्याच सुमाराचा आहे. ते पत्र आणि हे प्रवचन शेजारी ठेवून वाचलंत तर काय वाटतं ते इथे जरूर लिहा.